आधी फोन करून अपॉइंटमेंट घ्या

मानसिक आजारांचा विषय निघाला की चर्चा हटकून एकाच ठिकाणी येऊन थांबते. लोक उपचाराला पुढे येत नाहीत, त्यांना लाज वाटते, तेव्हा जागृती करा. व्याख्यानं ठेवा, पोस्टर लावा, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन पाळा. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यामुळेच माझ्यासारख्या कितीतरी जणांना आपल्याला नेमकं काय होतंय ते कळलं. पण कळल्यानंतर पुढे काय? घरच्यांना पटवून किंवा घरच्यांना न सांगता ज्याने उपचार घ्यायचं पक्कं केलंय, तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत कसा पोहोचतो आणि तिथून का परत फिरतो, याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

सोशल अँग्झायटी, म्हणजे चारचौघांच्या नजरेची तीव्र भीती, आणि एडीडी, म्हणजे लक्ष टिकवता न येणं, हे दोन्ही एकाच माणसात असतं, तेव्हा हा प्रश्न सगळ्यात उघडा पडतो. आपल्याकडे उपचार मिळवायला काय लागतं ते पाहा. अनोळखी माणसाला फोन करायचा. दिलेल्या वेळी, दिलेल्या ठिकाणी हजर व्हायचं. गर्दीत बसून नाव पुकारण्याची वाट पाहायची. समोरच्याला पाच-दहा मिनिटांत आयुष्याची हकिगत सुसंगत सांगायची. मागची चिठ्ठी, रिपोर्ट, केसपेपर जपून आणायचे. पुढची तारीख लक्षात ठेवायची. यातलं निम्मं सोशल अँग्झायटी असलेल्याला जमत नाही, उरलेलं निम्मं एडीडी असलेल्याला जमत नाही. दोन्ही असलेल्याला यातलं काहीच जमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की उपचाराची वाट आखताना आपण रुग्णाकडून नेमक्या त्याच गोष्टी मागतो ज्या त्याच्या आजाराने हिरावून घेतल्या आहेत. हे बदलणं ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे. रुग्णाने आणखी हिंमत गोळा करावी ही अपेक्षा चूक आहे.

मी तिशी उलटल्यावर निदान झालेली बाई आहे. एका खासगी कंपनीत अकाउंट्स पाहते. गेली काही वर्षं उपचार घेते आहे आणि त्यांचा मला उपयोग झाला आहे. पण हे माझं आत्मकथन नाही. स्वतःचा अनुभव मी मुद्द्यापुरताच सांगणार आहे.

आधी या दोन गोष्टींचं नातं पाहू, कारण ते न समजल्यामुळेच निम्मे उपचार फसतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० साली आली. त्या एकाच आवृत्तीत ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ म्हणजे एडीडी हे नाव आलं आणि सोशल फोबिया, म्हणजेच आजची सोशल अँग्झायटी, हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. एडीडीचे तेव्हा दोन प्रकार होते, एक अतिचंचलतेसह आणि एक तिच्याशिवाय. १९८७ मध्ये नाव बदलून एडीएचडी झालं, म्हणजे अतिचंचलता नावातच आली. तरी जे उड्या मारत नाहीत, वर्ग डोक्यावर घेत नाहीत, नुसते खिडकीबाहेर पाहत बसतात, त्यांच्यासाठी लोक अजूनही एडीडी म्हणतात आणि मीही तेच म्हणते. ही दोन वेगळी प्रकरणं असली तरी वास्तवात ती फार वेळा एकाच घरात नांदतात. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी ४.४ टक्के लोकांना एडीएचडी असल्याचं दिसलं. त्या लोकांमध्ये सोशल फोबियाचं प्रमाण सुमारे २९ टक्के होतं, तर बाकीच्यांमध्ये ते ८ टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे जवळजवळ चौपट. याला योगायोग म्हणता येत नाही.

असं का होतं, हे ज्याच्यावर बेतलंय त्याला सांगायला लागत नाही. बोलता बोलता मुद्दा मध्येच सुटतो. नुकतंच ऐकलेलं नाव दोन मिनिटांत जातं. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं तोंडातून निसटतं, कारण थांबलो तर ते डोक्यातून जाणार हे अनुभवाने माहीत असतं. हळदीकुंकवाला पोहोचावं तर ते आटोपलेलं असतं. मैत्रिणीने विश्वासाने सोपवलेलं काम राहून जातं. मग बोलणी बसतात. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ हे वाक्य वर्गात, स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर इतक्यांदा ऐकावं लागतं, की दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्याचा एकच अर्थ लागतो: माणसांत गेलं की आपलं काहीतरी चुकतं आणि ते सगळ्यांना दिसतं. सोशल अँग्झायटी बहुतेकांत याच वयात, किशोरवयाच्या उंबरठ्यावर मूळ धरते. मग मुलगी बोलणंच कमी करते. न बोलणाऱ्याची चूक कुणाला दिसत नाही.

आणि इथून खरी फसगत सुरू होते. गप्प बसलेल्या मुलीची कुणी तक्रार करत नाही. मस्ती करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना शाळा बोलावून घेते, क्वचित कुणी शिक्षक समुपदेशकाचं नावही सुचवतात. मागच्या बाकावरच्या शांत मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही, वर्गात बोलत नाही’ असा शेरा येतो आणि त्यावर वडिलांची सही होते. दोन्ही आजारांची लक्षणं एका ओळीत लिहून ठेवलेली असतात आणि ती ओळ दर वर्षी तशीच्या तशी पुढच्या इयत्तेत जाते.

मोठेपणी ही भीती एडीडीला इतकं झाकून टाकते की डॉक्टरांनाही ते दिसत नाही. उशीर होईल या धास्तीने माणूस तासभर आधी पोहोचतो. चूक होईल म्हणून एकच मेल दहादा वाचतो आणि तरी पाठवत नाही. विसरू नये म्हणून हातावर, फोनमध्ये, डब्याच्या झाकणावर लिहून ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात टापटीप दिसते. ‘तुम्ही तर किती व्यवस्थित आहात, तुम्हाला कसला एडीडी?’ हा प्रश्न मला एका डॉक्टरांनीच विचारला होता. ती व्यवस्थितता टिकवायला दिवसाची सगळी ताकद खर्ची पडते आणि संध्याकाळी घरी येऊन कपडे न बदलता अंधारात बसून राहावं लागतं, हे त्या खुर्चीवरून दिसत नाही. ते विचारावं लागतं.

उपचारांतही हाच गुंता आहे. सोशल अँग्झायटीवर सगळ्यात भरवशाची मानसोपचार पद्धत म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जाणं आणि त्या वेळी मनात येणाऱ्या विचारांची तपासणी करणं. मराठी वाचकाला हे नवं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि रुजवली. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. १९व्या वर्षी त्यांनी स्वतःला गृहपाठ घातला: न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली प्रत्येक स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचं. शंभरेक स्त्रियांशी बोलून झाल्यावर कुणीही अंगावर धावून आलं नाही हे त्यांना कळलं आणि भीती ओसरली. हा किस्सा मला फार आवडतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे रोज, न चुकता, ठरवलेलं काम करणं. एडीडी असलेल्या माणसाचा गृहपाठ पहिल्या तीन दिवसांत उत्साहाने होतो, चौथ्या दिवशी वही सापडत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात ‘गृहपाठ केला नाही हे थेरपिस्टला कसं सांगू’ या भीतीने तो सेशनलाच जात नाही. थेरपिस्टच्या नोंदीत तेवढंच उरतं, की रुग्ण सहकार्य करत नाही.

विचारांच्या तपासणीतही एक खाच आहे. ‘लोक तुम्हाला नावं ठेवतात याला पुरावा काय?’ असं विचारलं की निव्वळ सोशल अँग्झायटी असलेल्याला बऱ्याचदा जाणवतं, की खरंच पुरावा नाही. एडीडी असलेल्याकडे पुराव्यांची फाईल तयार असते. लोकांनी नावं ठेवलेली असतात, तोंडावर ठेवलेली असतात. त्याला ‘तुमचा विचार अवास्तव आहे’ असं सांगणं म्हणजे त्याचा अनुभव खोटा ठरवणं आहे. त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं: हो, तुमच्याकडून विसरलं जातं, आणि त्यामागे अमुक कारण आहे, त्यावर अमुक उपाय आहे, आणि विसरणारा माणूस टाकाऊ नसतो. हे तिन्ही एकाच खोलीत, एकाच माणसाने सांगितलं तर पोहोचतं. भीतीसाठी एक जण, लक्षासाठी दुसरा, अशी वाटणी झाली की दोन्हींकडून अर्धवट माणूस परत येतो.

औषधांचंही तसंच आहे. भीतीसाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, अनेकांना खरोखर आधार देतात. पण नुसत्या त्याच दिल्या तर मन थोडं शांत होतं आणि टेबलावरचा ढीग तसाच राहतो. एडीडीसाठीचं मुख्य औषध मिथिलफेनिडेट. त्याने लक्ष जागेवर येतं, काहींची भीतीही त्यामुळे उतरते, कारण चुका कमी होतात. पण त्याने छातीचे ठोके वाढू शकतात, आणि ज्याला चारचौघांत छाती धडधडण्याचीच दहशत आहे तो पहिल्याच आठवड्यात गोळी बंद करून टाकतो. आधी सांगितलेलं असलं तर करत नाही. ऍटोमोक्सेटीन हे तिसरं औषध मिथिलफेनिडेटसारखं उत्तेजक गटातलं नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. एडीएचडी आणि सोशल अँग्झायटी दोन्ही असलेल्या प्रौढांवर ते वापरून पाहिल्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात दोन्हींच्या लक्षणांत सुधारणा दिसली. कुणाला काय लागू पडेल हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मला सांगायचंय ते हे, की या दोन्हींचा एकत्र विचार वैद्यकशास्त्राने केलेला आहे. आपल्या ओपीडीपर्यंत तो आलेला नाही.

आता ती ओपीडी. सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपरची खिडकी उघडते. काचेला खाली एक अर्धगोल भोक असतं, त्यातून वाकून बोलावं लागतं. आत पंखा सुरू असतो, बाहेर गलका असतो, त्यामुळे हळू बोललेलं ऐकू जात नाही. ‘कुठला विभाग?’ हळू आवाजात सांगितलं की ‘मोठ्याने बोला.’ मागे तीस माणसं. मग ‘मानसोपचार’ हा शब्द मोठ्याने उच्चारावा लागतो. ज्याची सगळी भीती चारचौघांच्या नजरेची आहे, त्याची पहिली परीक्षा त्या खिडकीपाशी होते आणि तिथे कुणी डॉक्टर नसतो. त्या क्लार्कला दोष देण्यात अर्थ नाही; त्याच्यापुढे रांग आहे. दोष रांगेच्या रचनेत आहे. ‘मानसोपचार’ ऐवजी खोलीचा नंबर सांगून केसपेपर मिळेल अशी पाटी लावायला किती खर्च येतो?

खासगीत खिडकी नसते, तिथे फोन असतो. ‘आधी फोन करून अपॉइंटमेंट घ्या.’ मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यांवर ही पाटी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की तिचं कुणालाच काही वाटत नाही. सोशल अँग्झायटी असलेल्या माणसाला अनोळखी माणसाला फोन करणं हे कित्येकदा प्रत्यक्ष भेटण्यापेक्षा जड जातं. मी अशा मुली-मुलांना ओळखते ज्यांनी डॉक्टरचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून दोन-दोन वर्षं काढली आहेत. त्यांना व्हॉट्सऍपवर वेळ मिळाली असती तर ते त्याच आठवड्यात गेले असते. काही दवाखाने आता तशी सोय ठेवतात, त्यांचे मी आभार मानते. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतही. चांगली सेवा आहे आणि संकटात असलेल्या प्रत्येकाने वापरावी. पण तिचं मूळ रूप फोनचं आहे. ज्यांना फोनच लावता येत नाही त्यांच्यासाठी लिहून बोलण्याची सोय तितक्याच ठळकपणे जाहिरातीत दिसली पाहिजे.

समजा माणूस पोहोचला. निदानासाठी बालपणाची हकिगत लागते. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झाली होती का, हे त्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ पासूनच्या निकषांनुसार पाहावं लागतं आणि त्यात तथ्य आहे. नाहीतर झोप न झालेला, थायरॉईड बिघडलेला, प्रेमभंग झालेला प्रत्येक जण एडीडीच्या खात्यात जाईल. पण त्यासाठी ‘पुढच्या वेळी आईला घेऊन या’ असं सांगितलं जातं. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाने घरी सांगितलेलंच नसेल तर? आई साताऱ्याजवळच्या गावात आणि तो पुण्यात भाड्याच्या खोलीत असेल तर? आई नसेल तर? जुनी प्रगतिपुस्तकं, थोरल्या बहिणीचं फोनवरचं बोलणं, शाळेतला मित्र, स्वतःच्या आठवणी शांतपणे विचारून घेणं, हे सगळे मार्ग आहेत आणि जाणकार डॉक्टर ते वापरतात. ते सगळ्यांनी वापरावेत.

मग औषधाचं दुकान. मिथिलफेनिडेट हे औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये येतं, शिवाय अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या यादीतही आहे. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, ते कुलपात ठेवावं लागतं, डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधावर नियंत्रण असायलाच हवं, याबद्दल माझा वाद नाही. पण याचा परिणाम असा, की बहुतेक मेडिकलवाले ही कटकटच नको म्हणून ते ठेवत नाहीत. माझ्या शहरात ते मिळणारी दुकानं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. चिठ्ठी पुढे केली की काउंटरवरचा मुलगा ती उलटीपालटी करून पाहतो, आतल्या मालकाला हाक मारतो, मालक चष्मा वर करून विचारतो, ‘हे कुणासाठी?’ शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेले काका मान वळवून बघतात. ‘नाही ठेवत आम्ही.’ चिठ्ठी हातात परत. तिथून पुढच्या दुकानात जायचं बळ ज्याच्यात असतं तो जातो. आणि हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. एडीडी असलेल्या माणसाने एडीडीचं औषध संपण्याच्या आठवडाभर आधी लक्षात ठेवून, दोन प्रतींची नवी चिठ्ठी मिळवून, मोजक्या दुकानांपैकी एकात वेळेत जायचं आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या औषध विभागात हे औषध नियमित ठेवलं आणि ते कुठल्या दुकानात मिळतं याची जिल्हावार यादी अन्न व औषध प्रशासनाने प्रसिद्ध केली, तर नियंत्रण रतीभरही सैल न होता निम्मी वणवण थांबेल.

कायदा आपल्या बाजूने आहे, कागदावर तरी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याच्या १८व्या कलमाने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आणि २१व्या कलमाने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना संरक्षण द्यायला सांगितलं. ही मोठी गोष्ट होती. पण आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्याचा असतो. एडीडी आणि सोशल अँग्झायटीसाठी कुणी दाखल होत नाही. त्यांचा सगळा खर्च ओपीडीतला: दर महिन्याची तपासणी, गोळ्या आणि आठवड्याला एक सेशन, जे मोठ्या शहरांत हजार रुपयांच्या खाली मिळणं अवघड. बरोबरीचं वचन देणारा कायदा आहे आणि ज्या आजारांचे उपचार घरी राहूनच होतात त्यांच्या वाट्याला त्यातून जवळपास काहीच येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता त्यात आहे आणि आपलं दहावी-बारावीचं बोर्ड त्या मुलांना सवलतीही देतं. एडीएचडीचं वेगळं नाव त्या यादीत नाही. मग कॉलेजमध्ये वायवाला चार जणांच्या बॅचसमोर उभं राहून ज्याची वाचा बसते, त्याने ‘सर, माझी तोंडी परीक्षा एकट्याची घ्याल का’ असं कशाच्या आधारावर विचारायचं? आणि हे विचारण्यासाठी आधी बोलावं लागतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. तो पुढच्या फेरीत असावा, आणि प्रौढांमधलं एडीएचडी त्यात मोजलं जावं, ही साधी मागणी आपल्या आरोग्य खात्याने लावून धरली पाहिजे. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात ओळ येत नाही.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यातला एक मला स्वतःला विचारात पाडतो. आपल्याकडे लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ धड येत नाही. खेड्यात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण साखळीला बांधलेला असताना, नोकरी करणाऱ्या, चालत्याबोलत्या माणसाच्या भीतीसाठी आणि विसराळूपणासाठी तज्ज्ञांचा वेळ का द्यावा? हा प्रश्न खरा आहे आणि त्या बांधलेल्या रुग्णाचा हक्क पहिला आहे हे मी मान्य करते. पण मी मागते आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना तज्ज्ञाचा वेळ लागत नाही. खोलीच्या नंबरावर केसपेपर, मेसेजवर अपॉइंटमेंट, आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज, कुलपातलं औषध जिल्ह्याला मिळण्याची खात्री, यांचा फायदा त्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांनाही होणार आहे. आणि चालताबोलता माणूस कायम चालताबोलता राहत नाही. वर्षानुवर्षं उपचार नसलेली सोशल अँग्झायटी नैराश्याकडे आणि दारूकडे नेते. लग्नाच्या वरातीत, ऑफिसच्या पार्टीत दोन पेग घेतल्यावरच ज्याला चार शब्द बोलता येतात, तो पुढे चार शब्द बोलायचे नसतानाही पिऊ लागतो. तेव्हा तो तज्ज्ञाचा कितीतरी अधिक वेळ घेतो.

दुसरा आक्षेप असा, की हे नवं फॅड आहे. इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांचा व्हिडिओ पाहून हल्ली प्रत्येकाला एडीडी असतो. स्वतःच स्वतःचं निदान करणारे वाढले आहेत, हे बरोबर आहे. पण ज्या समाजात रीतसर तपासणी महाग, लांब आणि अपमानास्पद आहे तिथे लोक व्हिडिओवरच निदान करणार. त्यांना हसून प्रश्न सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांच्या एडीएचडीसाठी सहा प्रश्नांची प्राथमिक चाचणी आहे, ती दोन मिनिटांत होते. तिने निदान होत नाही, पण पुढे तपासावं की नाही हे कळतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी आणि खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी भीतीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढाला हे सहा प्रश्न विचारायचे, आणि लक्षाची तक्रार घेऊन आलेल्याला भीतीबद्दल विचारायचं, एवढा एक दंडक झाला तरी माझ्यासारख्यांची दहा-दहा वर्षं वाचतील. ज्यांना एडीडी नाही त्यांनाही ते तिथेच कळेल.

‘सगळ्यांनाच थोडंफार असतं’ हे तिसरं. थोडंफार सगळ्यांना असतं, खरंय. पण थोडंफार असलेला माणूस लाइट बिल भरायचं राहिलं म्हणून चुकचुकतो आणि भरतो. ते भरायचं राहिल्याचं कुणाला तरी सांगावं लागेल म्हणून अंधारात राहणारी माणसं मी पाहिली आहेत.

‘आपला दवाखाना’सारखी केंद्रं संध्याकाळीही उघडी असतात, नोकरी करणाऱ्याला रजा काढावी लागत नाही, आणि तिथे सर्दी-तापाचे रुग्ण येत असल्यामुळे आत शिरताना कुणी काही तर्क करत नाही. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ समुपदेशक बसला, त्याच्याकडे या दोन्हींच्या चाचण्या मराठीत छापलेल्या असल्या आणि गरज वाटल्यास मोठ्या रुग्णालयातली तारीख त्यानेच पक्की करून दिली, तर फोन, खिडकी आणि रांग हे तिन्ही अडथळे एका फटक्यात टळतात. सुरुवात कुठून करायची असं मला कुणी विचारलं तर मी इथून म्हणेन. इमारत आहे, वेळ आहे, लोकांची वर्दळ आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांनी डॉक्टरचा नंबर सेव्ह करून ठेवला आहे आणि लावलेला नाही, त्यांच्यासाठी एक करण्यासारखं आहे. एका कागदावर मराठीत लिहा: मला माणसांसमोर काय होतं, कामात काय होतं, हे शाळेतही होत होतं का, आणि असेल तर एखादा प्रसंग, आता कुठल्या गोळ्या सुरू आहेत, झोप किती, दारू घेता का. त्या कागदाचा लगेच फोटो काढून ठेवा, कारण कागद हरवेल. अपॉइंटमेंटचा फोन बहिणीला, मित्राला, रूममेटला करायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही. आत गेल्यावर बोलायचं दडपण घेऊ नका, बसा आणि कागद पुढे करा. आणि त्यात वरच, पहिल्याच ओळीत लिहा, की मला भीतीही वाटते आणि लक्षही लागत नाही, दोन्हींची तपासणी करा. डॉक्टर दुसरीबद्दल आपणहून विचारतीलच असं नाही.